आबांनी न सांगितलेला आकडा

कापूरहोळच्या फाट्यावर माझी खानावळ आहे. पिठलं-भाकरी, आमटी-भात, बुधवारी आणि रविवारी मटणाचं ताट. भिंतीवर टीव्ही आहे आणि रिमोट मी गिऱ्हाइकाच्याच हातात देते. क्रिकेट लावा, कुस्ती लावा, सासू-सुनांची भांडणं लावा, माझं काही म्हणणं नसतं. फक्त रविवारी सकाळी दहाला तो एक कार्यक्रम सुरू झाला की मी कालवणाचा पळा हातात घेऊनच बाहेर येते आणि टीव्ही बंद करते. नवखं गिऱ्हाईक विचारतं, मावशी, का हो? चांगला कार्यक्रम आहे, तीस वर्षं झाली चालू आहे, भल्याभल्यांची पोलखोल करतात. मी म्हणते, व्हय, माझी बी केली होती. त्यांना ती थट्टा वाटते. थट्टा नाही. कार्यक्रमाचं नाव मी इथे लिहिणार नाही, कारण मला त्यांची जाहिरात करायची हौस नाही. आमच्या वस्तीवर त्याला चष्मेवाल्याचा कार्यक्रम म्हणत, मीही तेच म्हणेन.

आमची वस्ती वरवे गावाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पोटाशी होती. नऊ घरं, सगळी धनगरांची, आणि घरटी शेरडं. आमच्या घरी दोन गायी आणि बाकी शेळ्याच. आमच्या घराचा आवाज आठवायचा म्हटलं तर पहिला आवाज माणसाचा येत नाही. पहाटे करडं आयांसाठी ओरडायची तो येतो, मग आईच्या जात्याचा, मग आबा, माझे वडील, शेळ्यांना एकेक नाव घेऊन बाहेर काढायचे तो. मोरी, चल. भुंडे, सरक. पुनवे, लाथ मारू नगंस. नाव घेतल्याशिवाय आबांनी एकही शेळी कधी दाराबाहेर काढली नाही की संध्याकाळी आत घेतली नाही. न्याहारीला नाचणीची भाकरी आणि हुलग्याचं माडगं, वरून शेळीच्या दुधाचा चहा. शाळेतल्या मुली म्हणायच्या तुझ्या अंगाला वास येतो, आणि येत असणारच. मला त्याची लाज वाटायची हेही खरं आहे.

आता एक गोष्ट सांगते, ती नीट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. आमच्या घरात जनावरं मोजत नसत. मोजलं की नजर लागते, दावण रिकामी होते, असं आजोबांपासून चालत आलेलं. कोणी विचारलं, किती शेरडं हायत? तर आबा म्हणायचे, हायत चार-दोन. साठ असली तरी चार-दोन. तलाठ्याला चार-दोन, व्यापाऱ्याला चार-दोन, सोयरीक घेऊन आलेल्यालाही चार-दोन. आईला कोणी मुलं किती म्हणून विचारलं तरी ती तेच सांगायची, आणि आम्ही पाच भावंडं तिच्यासमोर बसलेली असायचो. आणि मेलेलं जनावर तर बोटावरसुद्धा धरायचं नाही. गेलेल्यांची मोजदाद केली की उरलेल्या त्यात भर घालतात, हे आईचं ठाम मत. आमच्या भागातल्या कुठल्याही माणसाला हे सांगावं लागत नव्हतं. शेळी हरवली तर मग आबांना कसं कळायचं, असं मला एका शिक्षकांनी विचारलं होतं. कळायचं, कारण जिचं नाव घेतलं ती पुढे आली नाही की ती हरवली. त्याला आकडा कशाला लागतो?

मी नसरापूरच्या शाळेत जायचे. माझी मैत्रीण शैला खालच्या गावातल्या दुकानदार तात्यांची मुलगी, आणि तात्यांच्या घरी रंगीत टीव्ही. रविवारी सकाळी मी दूध घालायला म्हणून उतरायचे आणि दहाला त्यांच्या उंबऱ्याशी बसायचे. आधी ढोलकीचे चार ठोके, मग तो जाड चष्म्याचा माणूस यायचा. कुठे रेशनच्या धान्यात खडे, कुठे दुधात पावडर, कुठे वसतिगृहातल्या मुलींचं तूप साहेबाच्या घरी. तो कागद हातात धरून असा हळू बोलायचा की वाटायचं, या माणसासमोर खोटं टिकणारच नाही. शेवटी पत्ता सांगायचा आणि म्हणायचा की तुमच्या गावात काय चाललंय ते आम्हाला लिहा. मी तो पत्ता वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवला होता. देवावर माझा तेव्हा जेवढा विश्वास होता, त्यापेक्षा त्या माणसावर जास्त होता.

त्या उन्हाळ्यात आमच्या शेळ्या मरायला लागल्या. वरच्या झऱ्याला घरापुरतं आणि दोन गायींपुरतंच पाणी उरलं की शेळ्या खाली ओढ्यावर न्यायला लागायच्या, आणि ओढ्याच्या वरच्या बाजूला, माळावर, एक कारखाना नुकताच उभा राहिला होता. काय बनवतात ते कुणाला धड माहीत नव्हतं. ओढ्याचं पाणी कधी तांबूस यायचं, कधी निळसर, वर फेस, आणि वास असा की नाक धरावं. शेळी पाणी पिऊन यायची, दुपारी पोट फुगायचं, मागचे पाय ओढायला लागायची, संध्याकाळी खलास. ढोरांचे डॉक्टर येऊन म्हणाले साथ असेल. साथ कशी असेल? झऱ्याचं पाणी पिणाऱ्या म्हाताऱ्या गायी ठणठणीत होत्या. आबांनी एकेकीला करंजाच्या झाडाखाली पुरलं, वर दगड रचले. मेलेली शेळी कुणाला खाऊही दिली नाही. आबा कारखान्याच्या फाटकावर तीनदा गेले, तिन्हीदा रखवालदारानंच परतवून लावलं.

मटण मीही शिजवते, म्हणून कोणी मला भूतदया शिकवायला येऊ नये. खाण्यासाठी कापलेली शेळी वेगळी आणि घोटभर पाण्यासाठी तडफडून मेलेली वेगळी. ज्याला यातला फरक कळत नाही त्यानं माझ्याकडे जेवायला येऊ नये.

मी पत्र लिहिलं. कोणाला न विचारता, शैलाच्या घरी बसून, शुद्धलेखन दोनदा तपासून. पत्रात आकडा हवा हे मला शाळेनं शिकवलं होतं, आणि चष्मेवालाही दर वेळी आकडे सांगायचा. म्हणून मी करंजाखाली जाऊन दगडांचे ढीग मोजले. सतरा. मोजायचं नसतं हे ठाऊक होतं, पण मोजले. कुमारी हिरा अशी सही केली आणि पाकीट नसरापूरच्या पेटीत टाकलं. घरी आल्यावर आईला सांगून बसले. आई जात्यावरून उठली आणि चुलीतला अंगारा आणून उरलेल्या शेळ्यांच्या कपाळाला लावत सुटली. त्यानंतरच्या आठवड्यात आणखी तीन मेल्या. आई शेवटपर्यंत म्हणत राहिली की त्या तीन तू मोजल्यास म्हणून गेल्या. पाणी तेच होतं, ओढा तोच होता, पण दोष माझ्या मोजण्याला. आईवरचा तो राग मी आजही पुरता गिळलेला नाही.

आणि ते आले. पांढऱ्या गाडीतून, तिघं जण. चष्मेवाला स्वतः नव्हता, त्याचा माणूस होता. तिशीचा, गोड बोलणारा, पायात पांढरे बूट. आधी तो कारखान्यात जाऊन आला होता, तिथले कागद त्याच्या काखेत होते. आईनं वरच्या झऱ्यावरून मुद्दाम हंडा भरून आणला होता, अंगण सारवलं होतं, आबांनी धुतलेला पटका बांधला होता. आईनं चहा पुढे केला तेव्हा तो नको म्हणाला आणि स्वतःच्या पिशवीतली बाटली काढून पाणी प्यायला. मी किती वर्षं त्या बाटलीचा विचार केला आहे. आमच्याकडचं पाणी वाईट आहे हे त्याला पटलेलं होतं, म्हणून तर त्यानं चहाला तोंड लावलं नाही! स्वतःच्या घशापुरतं पटलं, लिहिण्यापुरतं पटलं नाही. मी म्हटलं, साहेब, करंजाखाली चला, दोनशे पावलंही नाहीत, दगड दिसतील. त्यानं उताराकडं पाहिलं, बुटांकडं पाहिलं, घड्याळाकडं पाहिलं आणि म्हणाला, नंतर बघू. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं.

कॅमेरा लागला. आबांना दारात उभं केलं. त्यानं आधी नाव विचारलं, मग किती वर्षं शेळ्या राखता ते विचारलं, आणि मग सरळ विचारलं की आजवर किती शेळ्या मेल्या. आबांनी मागं गोठ्याकडं पाहिलं. उरलेल्या शेळ्या आतच होत्या, ऐकत होत्या असंच त्यांना वाटलं असणार.

"किती ते कसं सांगू साहेब," आबा म्हणाले. "गेली आसतील चार-दोन."

"नक्की? पत्रात सतरा लिहिलंय."

"ते पोरीनं लिवलंय. ती शाळंत जाती."

मी कॅमेऱ्याच्या बाजूलाच उभी होते. मी तोंड उघडलं, कॅमेरावाल्यानं बोट ओठावर ठेवलं, आणि आबांनी माझ्याकडं पाहिलं. पाहुण्यांसमोर बापाचा शब्द खोडायचा नाही, हे मला बोलायला लागायच्या आधी शिकवलेलं. मी तोंड मिटलं. तो माणूस मान हलवत कागदावर काहीतरी लिहीत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर तो आनंद होता जो पोराला परीक्षेत सोपा प्रश्न आला की होतो. अर्ध्या तासात गाडी उतारावरून गेली. आईनं तो न प्यालेला चहा अंगणात ओतून दिला.

त्यानं पैसे खाल्ले होते असं पुढे वस्तीवर बोललं गेलं. मला तसं वाटत नाही. खाल्ले असते तर मी एक वेळ माफ केलं असतं, लबाड माणूस ओळखू तरी येतो. तो प्रामाणिक होता आणि घाईत होता. ज्याचा धंदाच विचारण्याचा, त्याला विचारायचं कसं हे कळत नव्हतं. शेजारच्या घरात जाऊन एवढंच विचारलं असतं की हा माणूस चार-दोन का म्हणतो, तर तिथल्या सात वर्षांच्या पोरानंही सांगितलं असतं.

ज्या रविवारी तो भाग लागणार होता, त्या दिवशी अख्खी वस्ती खाली तात्यांच्या घरी आली. बायकांनी जरीची लुगडी नेसली होती. आईनं माझी वेणी घातली, मोजण्याचा राग तेवढ्यापुरता बाजूला ठेवून. ढोलकीचे चार ठोके झाले. चष्मेवाला आला, आणि त्याच्या हातात माझं पत्र होतं. माझं अक्षर, माझी सही. माझं नाव त्यानं वाचलं तेव्हा शैलानं माझा हात दाबला. मग कारखान्याचा साहेब दिसला, त्याच्यामागं कुंड्यांत फुलं होती, त्यानं दाखले दाखवले. मग ढोरांच्या डॉक्टरांची वही, त्यात दोन शेळ्यांची नोंद, कारण ते दोनदाच वर चढले होते. मग आबा, दारात, धुतल्या पटक्यात. गेली आसतील चार-दोन. तेवढंच. 'किती ते कसं सांगू साहेब' हे आधीचं वाक्य कापलं होतं. शेवटी चष्मेवाल्यानं पत्र टेबलावर ठेवलं आणि त्याच हळू आवाजात म्हणाला की खोट्या तक्रारींमुळे खऱ्या तक्रारींचं नुकसान होतं, आणि हे शाळकरी मुलांच्याही लक्षात आणून द्यायला हवं.

तात्यांच्या घरात कोणीतरी हसलं. कोण ते मला माहीत आहे, तो आता हयात नाही म्हणून नाव सोडते. सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. आमच्याच वस्तीतली माणसं, ज्यांनी करंजाखाली खड्डे खणायला मदत केली होती, तीही माझ्याकडंच बघत होती. जणू त्या काचेच्या पेटीत जे दिसलं ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलेल्यापेक्षा खरं होतं.

चढावर आबा पुढं आणि मी मागं. अर्ध्या वाटेत मी थांबले आणि आयुष्यात पहिल्यांदा बापावर आवाज चढवला.

"तुमी मला खोटं पाडलं, आबा. साऱ्या मुलखात."

आबा वळले नाहीत. "म्या खोटं बोल्लो न्हाई," म्हणाले. "म्या आकडा सांगितला न्हाई."

मी कार्यक्रमाला पुन्हा पत्र लिहिलं, चार-दोन म्हणजे काय ते समजावून. मग आणखी एक. मग तिसरं, त्यात करंजापर्यंतच्या वाटेचा नकाशा काढला. उत्तर आलं नाही. पुढं सरकारी माणूस पाण्याची तपासणी करायला आला तेव्हा त्यानं ओढ्यात बाटलीही बुडवली नाही. टीव्हीवर खुलासा झालाय की, म्हणाला. पंचायतीत विषय निघाला की कारखान्याचा माणूस हेच म्हणायचा. त्या वीस मिनिटांनी कारखान्याला जे अभय मिळालं ते कुठल्या मंत्र्यानंही दिलं नसतं. शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड, तशातली गत. ओढा पुढं कितीतरी वर्षं तसाच वाहिला. शाळेत माझ्या कुठल्याही गोष्टीवर मुली म्हणायच्या, नक्की सतरा का? माझं दहावीनंतर भोरला कॉलेजात जायचं ठरलं होतं, मी गेले नाही. कोणी अडवलं नव्हतं. माझंच लिहिण्यावरून मन उडालं, आणि हे प्रकरण मी आज लिहिते आहे यावरून किती वर्षं उडालं ते समजा.

आबांनी उरलेली शेरडं विकली. व्यापाऱ्यानं किती आहेत विचारलं तेव्हाही चार-दोनच म्हणाले. मग पानशेतला एका पुणेकराच्या बंगल्यावर राखणदार म्हणून राहिले. बंगल्यात पोहायचा हौद होता. त्यात पान पडलं की जाळीनं काढायचं, पाणी निळं आणि स्वच्छ ठेवायचं, हे माझ्या बापाचं काम. मी लग्नानंतर एकदा तिथं भेटायला गेले होते. आबा हौदाच्या काठावर जाळी घेऊन उभे होते. ते चित्र आठवलं की मला अजून काहीतरी फोडावंसं वाटतं.

आबांचं शेवटचं दुखणं माझ्याच घरी झालं. एका दुपारी मी त्यांना हुलग्याचं माडगं भरवत होते. दोन चमचे घेतले आणि त्यांनी तोंड फिरवलं. मग छताकडं बघत एकेक नाव घ्यायला लागले. मोरी. तांबडी. भुंडी. मला वाटलं, तापात बरळतायत, जुन्या दिवसांत गेलेत, शेळ्या बाहेर काढतायत. पण त्यात पुनवी आली आणि मी चमचा खाली ठेवला, कारण पुनवी माझ्या हातांत मेली होती. ते मेलेल्यांचीच नावं घेत होते, ज्या क्रमानं गेल्या त्या क्रमानं. मी पदराखाली बोटं दुमडत गेले. सतरावर थांबले नाहीत. आई ज्यांच्यासाठी मला बोल लावायची त्या तीनही घेतल्या. वीस. इतकी वर्षं एकूणएक शेळी त्यांच्या डोक्यात होती.

"तेव्हा का सांगितलं न्हाई, आबा?" मी विचारलं.

"त्यानं इचारलं न्हाई," आबा म्हणाले. "किती गेल्या म्हनला. कोन कोन गेलं म्हनला आसता, तर उभ्या उभ्या सांगितलं आसतं."

लोक म्हणतील अशा वेळी रडू येतं. मला राग आला. आबांवर आला, त्या पांढऱ्या बुटांवर आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःवर, कारण मीही त्या संपूर्ण उन्हाळ्यात आबांना एकदाही तसं विचारलं नव्हतं. मी सरळ जाऊन दगड मोजले होते. नवव्या दिवशी आबा गेले.

गेल्या महिन्यात खानावळीत फोन आला. चष्मेवाल्याच्या कार्यक्रमाला इतकी वर्षं झाली म्हणून खास भाग काढतायत, जुनी पत्रं चाळताना माझी चारही सापडली, नकाशासकट. बोलणारी मुलगी तरुण होती, आवाजात आदब होती. म्हणाली, त्या वेळी आमची चूक झाली असावी असं आम्हाला वाटतं, ती आम्हाला दुरुस्त करायची आहे. मी चुलीवरचं कालवण उतरवलं आणि खुर्चीवर बसले. हे वाक्य ऐकायला मी किती वर्षं थांबले होते, आणि ऐकायला आबा नव्हते. मग ती म्हणाली, "फक्त एक नक्की करून हवंय मावशी. एकूण किती शेळ्या गेल्या होत्या?"

"किती ते राहू दे," मी म्हटलं. "कोण कोण गेलं ते सांगते, लिहून घे."

ती म्हणाली, नावं नकोत मावशी, पडद्यावर तेवढी जागा नसते, आकडा मिळाला तर बरं. मी तिला म्हटलं, मग चार-दोन लिही, आणि फोन ठेवला. मुलगी वाईट नव्हती. तिच्या पडद्यावर जागा नाही, माझ्या वहीत आहे.

मोरी, तांबडी, भुंडी, थोरली काळी, चांदी, लांबकानी, मंगळी, बांडी, पुनवी, गव्हाळी, हरणी, सोमी, चिमी, ढवळी, खोडी, मैना, कबरी. आणि मग राणी, धाकटी काळी, लाडी.

मोजायचं असेल त्यानं मोजावं.